डब्यातल्या चार कॅप्सूल

सव्वीस वर्षं मी लोकांच्या तोंडात डोकावून पाहिलं. दातांचा डॉक्टर नाही मी, मलेरियावाला. सरकारी कागदावर ‘आरोग्य सेवक’ लिहिलं असतं, पण पोंभुर्ण्याकडच्या जंगलातल्या गावांत त्या नावानं मला कोणी ओळखत नाही. “मलेरियावाले भाऊ आले” एवढं ऐकलं की पोट्टे घरामागे पळतात, कारण मी बोटाला सुई टोचतो. ताप असलेल्याचं रक्त काचेवर घ्यायचं, गोळ्या द्यायच्या आणि त्या माझ्यासमोर गिळायला लावायच्या. लोक गिळली म्हणतात आणि गालात ठेवतात. म्हणून मी म्हणतो, “आ कर.” जीभ वर करायला लावतो, दोन्ही गाल पाहतो, मग पुढच्या घरी.

पण मी इथं लिहितो आहे ते मलेरियाबद्दल नव्हे. दोन हजार नऊ साली स्वाइन फ्लू आला. आमच्या मूल गावातल्या घरात तो मी आणला आणि माझ्या एकुलत्या एका पोरीला दिला. सुजाता तेव्हा सात महिन्यांची पोटुशी होती, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती.

हे लिहायला मला कोणी सांगितलं नाही. पण आपल्याकडे घरोघरी गोळ्यांचा एक डबा असतो, आणि त्याच्याबद्दल कोणीतरी खरं बोललं पाहिजे. शहाणपण शिकवायला बसलेलो नाही. शहाणपण माझ्याकडे आधीपासून होतं, त्याचा काय उपयोग झाला ते पुढे येईलच.

बुढ्याचा डबा

माझी नोकरी सुरू झाली अहेरीकडे, नव्वद सालानंतर. तिथं मलेरियाच्या नेहमीच्या गोळ्या काही गावांत चालेनाशा झाल्या होत्या. दिल्या तरी ताप उतरायचा नाही, उतरला तरी आठ दिवसांत परत यायचा. आम्हाला मीटिंगमध्ये सांगितलं होतं, अर्धवट गोळ्या खाऊ देऊ नका. अर्ध्या औषधात मरतात ते कच्चे जंतू, टणक असतात ते शिल्लक राहतात, आणि डास पुढच्याच्या अंगात तेच टणक नेऊन सोडतो. त्याला मग ती गोळी म्हणजे काहीच नाही.

एका गावात एका बुढ्याच्या घरी बिस्किटाचा पत्र्याचा डबा सापडला. आत पाच-सहा जणांच्या उरलेल्या गोळ्या. सुनेच्या दोन, नातवाची एक, कोणाच्या तरी तीन, रंग उडालेल्या. बुढा गोंड, मराठी तोडकी. मी त्याच्यावर असा ओरडलो की कोंबड्या उडाल्या. तो शांतपणे म्हणाला, “बाबू, मी दोन खाल्ल्या, बरा झालो. उद्या पोट्ट्याले ताप आला, नाल्याले पूर असला, त तू येशीन का?”

मी आलो नसतो. पूर आला की त्या गावाला आमच्यापैकी कोणी जात नसे. म्हणून मी आणखी जोरात ओरडलो आणि डबा रिकामा करून घेतला.

तसाच डबा माझ्या घरी होता. कमलचा, म्हणजे माझ्या बायकोचा, भिंतीतल्या देवळीत ठेवलेला. अंगदुखीच्या, हगवणीच्या, पोरगी लहान असतानाच्या खोकल्याच्या. मलेरियावाल्याच्या घरात! आपल्या घरात तो कधी डोळ्यांवर येत नाही.

काचेवर माझंच रक्त

धान कापणीचे दिवस होते. नागपूरला दोन दिवस मीटिंगला गेलो, येताना एसटीत मूलपर्यंत उभा. तिसऱ्या दिवशी कामावर असतानाच हाडं कुटल्यासारखी दुखायला लागली. ताप एवढा की सायकल हातातून सुटली. मलेरियावाल्याला ताप आला की तो मलेरियाच, दुसरं काय असणार! स्वतःच्या बोटाला सुई टोचली, काच केली, तपासली. काहीच निघालं नाही. मग घसा असा धरला की थुंकी गिळवेना.

चंद्रपूरच्या दवाखान्यात घशात काडी फिरवून नमुना घेतला आणि वेगळ्या वॉर्डात टाकलं. तेव्हा टीव्हीवर रात्रंदिवस तेच चाललं होतं. लोक रुमालात कापूर-वेलची बांधून हुंगत फिरत. वॉर्डात आम्ही चौघं, चौघांच्या तोंडाला फडकं, खिडक्या सताड उघड्या. कमलला आत येऊ देत नव्हते. ती खिडकीखाली, बाहेर ओट्यावर बसून राहायची आणि मधूनमधून ओरडायची, “खाल्लं काऊन नाई?”

खोटं कशाला बोलू, मी घाबरलो होतो. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला दुपारी उचलून दुसरीकडे नेलं आणि त्याच्या चपला खाटेखाली तशाच राहिल्या. मी त्या चपलांकडे पाहायचं टाळायचो. अशा वेळी माणूस काय काय कबूल करतो स्वतःशी! म्हटलं, बरा झालो तर बिडी सोडीन, कमलवर आवाज चढवणार नाही, नातवंड पाहू दे फक्त.

औषध म्हणजे कॅप्सूल. अर्धी पिवळी, अर्धी पांढरट. सकाळी एक, संध्याकाळी एक, पाच दिवस, एकूण दहा. मेडिकलच्या दुकानात त्या तेव्हा मिळत नव्हत्या, फक्त सरकारी दवाखान्यातून, नाव लिहून. तीन दिवसांत माझा ताप उतरला. खाटा कमी होत्या. सिस्टरनं उरलेल्या चार कॅप्सूल कागदात बांधून दिल्या. “भाऊ, घरी वेगळ्या खोलीत राहा. ह्या चारही संपवा. बरं वाटलं तरी.”

“बाई,” मी म्हणालो, “हेच सांगण्याचा पगार घेतो मी.” आम्ही दोघंही हसलो.

वेगळी खोली

आमचं घर दोन खोल्यांचं. वेगळी खोली म्हणजे मी पुढच्या खोलीत, त्या दोघी स्वयंपाकाच्या खोलीत, मध्ये पडदा. पडद्याच्या खालून सुजाता चहाचा कप सरकवायची आणि म्हणायची, “कैद्याले च्या आला.” पोटामुळे तिला वाकता येत नव्हतं, तरी कमलला देऊ द्यायची नाही. लहानपणापासून माझा चहा तिच्याकडे.

घरी आलो त्या संध्याकाळी कॅप्सूल हातात घेतली. ताप नव्हता. भूक लागली होती. थोडा खोकला होता, तो काय, राहतोच. पडद्याच्या पलीकडे सुजाता हुश्श करत भाकरी थापत होती. मला एकदम वाटलं, हिला झालं तर? चंद्रपूरला त्या दिवशीच ऐकलं होतं की कॅप्सूल संपत आल्या, पुढचा साठा यायचा आहे. पोटुशी बाईला हा आजार लय वाईट, हेही वॉर्डातच ऐकलं होतं.

मी चारही कॅप्सूल परत कागदात बांधल्या, कमलला हाक मारली आणि म्हणालो, “डब्यात ठेव. पोरीले लागल्या त असू दे.”

तिनं ठेवल्या. आणि मला त्या रात्री शांत झोप लागली. पोरीसाठी काहीतरी करून ठेवलं, या समाधानात बाप झोपला. अहेरीकडचा तो बुढा मला आठवला नाही. एकदाही नाही.

एक सकाळी, एक सकाळी

चार दिवसांनी सुजाताला ताप आला. खोकला माझ्यासारखाच, कोरडा.

तेव्हाच तिला चंद्रपूरला न्यायला पाहिजे होतं. पण त्या वॉर्डात चपला राहिलेल्या मी पाहिल्या होत्या. तिथं नेली तर तिला एकटीला आत घेतील, कमलला ओट्यावर बसवतील. आणि औषध काय देतील? तेच. ते तर डब्यात आहे!

चारच होत्या. मी हिशेब केला, रोज एक. पुरवून पुरवून. सकाळी एक दिली की दिवसभर काम करील, चार दिवस जातील. दहा कॅप्सूलचं काम मी चारांत करायला निघालो आणि तेही अर्ध्या जोरानं. हे मी करतो आहे, हे मला दिसतच नव्हतं. बाहेर कोणी असं केलं असतं तर मी त्याच्या बापाचा उद्धार केला असता.

पहिल्या दिवशी ताप होता. दुसऱ्या दिवशी उतरला. मी कमलला म्हणालो, “पाह्य, मी म्हटलं होतं न.” तिसऱ्या दिवशी सुजाता भिंतीला टेकून बसली, थोडा वरणभात खाल्ला. चौथ्या दिवशी सकाळी मी कागद आणि पाणी पडद्यातून आत दिलं आणि अंगणात गेलो.

दुपारी कमलनं हाक मारली ती हाक नव्हती. सुजाताचे ओठ काळे-निळे, आणि ती बोलायचा प्रयत्न करत होती तर दोन शब्दांमध्ये श्वास घ्यावा लागत होता. “बाबा... दम... पुरत नाई.”

चंद्रपूरला जायला काळी-पिवळी जीप केली. गल्लीतल्या लोकांनी दारं लावून घेतली, खिडकीतून पाहिलं. दूधवाला आधीच दोन दिवसांपासून दूध कोपऱ्यावर ठेवून जात होता. त्यांना दोष देत नाही. जीपवाल्यानं मात्र तोंडाला दुपट्टा गुंडाळला आणि म्हणाला, “बसा काका. बाई पोटुशी हाये, मी नाई म्हटलं त कोन नेईन?” त्या आठवड्यात माणूस म्हणून जगायला जी थोडीफार ताकद मिळाली ती अशा माणसांकडून.

नाही

वॉर्डात तरुण डॉक्टरीणबाई होत्या, डोळ्यांखाली काळं, बहुतेक दोन दिवस झोप नसावी. त्यांनी सुजाताच्या नाकाला ऑक्सिजन लावला, पोटाला नळी लावून बाळाचे ठोके ऐकले आणि माझ्याकडे वळल्या.

“ताप कधीपासून?”

“चार दिवस झाले, मॅडम.”

“स्वाइन फ्लूची कॅप्सूल आधी कुठे दिली होती का?”

मी म्हणालो, “नाही.”

एवढा छोटा शब्द. का म्हणालो? शर्टाच्या खिशाला आरोग्य खात्याचं ओळखपत्र अडकवलेलं होतं. मलेरियावाला. त्या मॅडमनं ते वाचलं होतं, मला ‘तुम्ही तर आपलेच’ म्हणाल्या होत्या. माझ्या नावानं मिळालेल्या सरकारी कॅप्सूल मी घरी ठेवल्या आणि पोरीला पुरवून पुरवून दिल्या, हे त्यांना कसं सांगू? म्हटलं, आता इथं पूर्ण डोस मिळेल, झालं. मागचं कशाला उकरायचं. कमल माझ्या बाजूला उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि खाली पाहिलं.

मॅडमनी तीच कॅप्सूल सुरू केली. सकाळी एक, संध्याकाळी एक.

दुसऱ्या दिवशी ताप तसाच. ऑक्सिजन वाढवला. तिसऱ्या दिवशी ताप तसाच. सुजाता बोलायची बंद झाली, तेवढाही दम नव्हता. ती डोळ्यांनी विचारायची आणि हात पोटावर ठेवायची. वॉर्डातली मावशी, केस पिकलेली, रोज फरशी पुसता पुसता कमलला आत घ्यायची. “या बाई, पाय चेपा पोरीचे दोन मिंटं. कोनी इचारलं त म्या बलावलं म्हना.” नियमाच्या बाहेरचं होतं, पण त्या दोन मिनिटांवर कमल दिवस काढायची.

कमलनं मला ओट्यावर गाठलं. आमच्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती, ती माझ्याशी त्या आवाजात कधी बोलली नव्हती.

“तुम्ही सांगून राह्यले का मी सांगू?”

“काय सांगायचं?”

“डबा.”

“आता सांगून काय होते, कमल? तेच औषध देऊन राह्यले न ते.”

“मले नाई समजत औषधाचं,” ती म्हणाली. “तुमाले समजते. म्हनूनच तुमी डरून राह्यले.”

मी उठलो. त्या वॉर्डाचं दार ओट्यापासून वीस पावलांवर असेल. तेवढं अंतर चालताना मी दोनदा थांबलो.

मॅडम ओरडल्या नाहीत

मी सगळं सांगितलं. माझ्या सहा, उरलेल्या चार, रोजची एक. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडाव्यात असं मला फार वाटत होतं. त्या खुर्चीवर बसल्या आणि दोन्ही हातांनी कपाळ धरलं.

“दोन दिवस,” त्या म्हणाल्या. “भाऊ, दोन दिवस मी तिला तेच औषध देत राहिले.”

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. मला समजतं हे माहीत असूनही सांगितलं, त्यांच्या स्वतःसाठी असेल. औषध अर्ध्यात सोडलं की काही विषाणू उरतात, आणि थोड्या थोड्या औषधात वाढता वाढता त्यातला एखादा असा निघतो की त्याच्यावर ते औषध चालत नाही. मग अंगात तोच वाढतो. आणि खोकल्यातून पुढच्या माणसाकडे तोच जातो. त्या पुढच्या माणसानं एकही कॅप्सूल अर्धवट सोडली नसली, तरी त्याच्यावर ती चालणार नाही.

“माझ्याकडूनच तसा गेला का, मॅडम? का तिच्या अंगात झाला?”

“ते मला सांगता येणार नाही. पुण्याला नमुना पाठवते. कदाचित दोन्ही नसेल, नुसता न्यूमोनिया असेल. मला माहीत नाही.”

दुसरं औषध आहे का, हे मी विचारलं. होतं. श्वासावाटे ओढून घ्यायची पावडर. नागपूरला फोन केला, तिथून मिळणार होती. “पण ती जोरानं श्वास ओढणाऱ्याला देतात,” मॅडम म्हणाल्या. “आली तेव्हा तिला ओढता आलं असतं.”

‘आली तेव्हा’ म्हणजे दाखल झाली तेव्हा. मी ‘नाही’ म्हणालो तेव्हा.

पोरगी

त्याच दुपारी तिला श्वासाच्या मशीनवर घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाचे ठोके कमी व्हायला लागले तेव्हा ऑपरेशन करून बाळ काढलं. जावई धापा टाकत चंद्रपूरला पोचला तोवर सही मीच केली होती.

मुलगी झाली. माझ्या तळहातापेक्षा थोडी मोठी. काचेच्या पेटीत ठेवली. आम्हाला लांबून दाखवली. डोक्यावर केस होते, काळेभोर, सुजाताचे होते तसे. कमल म्हणाली, “नाक तुमचं हाये.”

दीड दिवस जगली ती. जावयानं आणि मी नेऊन ठेवली. विहारातले दोघं आले होते, त्यांनी वंदना घेतली. माती मऊ होती. जावई एकदाही मला काही बोलला नाही, त्याला तेव्हा माहीतच नव्हतं. मी त्याला त्या खड्ड्याशीच सांगितलं. त्यानं फावडं खाली ठेवलं, बाजूला जाऊन बसला, मग परत आला आणि उरलेली माती लोटली. बापा, तो मला मारता तर बरं झालं असतं!

त्या दिवसांत कमललाही ताप आला. तिला वेगळं बसवलं. मी हादरून गेलो, कारण नागपूरची पावडर अजून आली नव्हती, आता मॅडमच्या हातातही काही नव्हतं. पाणी पाज, जेवू घाल, वाट पाहा. तिचा सहा दिवसांत आपोआप उतरला. पण माझ्या घरातून निघालेला तो विषाणू, ज्याच्यावर औषध चालत नाही, एवढ्यावर थांबला का? जीपवाला होता. वॉर्डातली मावशी होती. कोपऱ्यावरून दूध उचलताना मी ज्याच्या त्याच्याशी खोकत बोललो होतो. तो कोणाकोणाला गेला, त्यांच्या घरी कोण पोटुशी होतं, मला माहीत नाही. कधी कळणारही नाही.

कोन होतं?

सुजाता वाचली. मशीनवरून निघाली, मग ऑक्सिजनवरून, मग एका दुपारी उशीला टेकून बसली. पहिला प्रश्न तिनं माझ्याकडे पाहून विचारला.

“कोन होतं?”

“पोरगी,” मी म्हणालो.

तिनं मान हलवली. पुढचं तिनं विचारलं नाही, तिला समजलं होतं. भिंतीकडे तोंड केलं. मी तिथंच तिला सगळं सांगितलं, डबा, माझं ‘नाही’, दोन दिवस. पाठीला सांगितलं.

पुण्याचा कागद उशिरा आला. मॅडमनी बोलावून वाचून दाखवला. तिच्या नमुन्यातला विषाणू त्या औषधाला दाद देणारा नव्हता. माझ्या पहिल्या नमुन्यातला मात्र दाद देणारा होता, म्हणजे तो माझ्या अंगात बिघडला की तिच्या, एवढंच उरलं. मॅडम म्हणाल्या, आता त्यात काही अर्थ नाही. त्यांच्यासाठी नसेल.

हिवाळाभर ती आमच्याकडेच होती, अशक्त होती म्हणून. माझ्याशी बोलायची नाही. भांडण नाही, रडणं नाही. चहा कमल द्यायची. ती समोरून गेली तर मी पेपर वाचतो आहे असं करायचो. घरात तिघं माणसं आणि भांड्यांचा आवाज.

एका रविवारी मी देवळीतला डबा खाली काढला. ठरवलं, सगळं फेकायचं. अंगणात पोतं अंथरून ओतला. अर्ध्या पट्ट्या, चिकटलेल्या गोळ्या, वास मारणारी बाटली. आणि सिस्टरनं दिलेला कागद, घडी घातलेला. त्यात एक कॅप्सूल. अर्धी पिवळी, अर्धी पांढरट.

चार दिल्या होत्या. चार दिवस, रोज एक. चौथी इथं कशी?

सुजाता दारात उभी होती. कधी येऊन उभी राहिली, कळलं नाही.

“हे?” मी कागद वर धरला.

“त्या दिवशी खाल्ली नाई मी,” ती म्हणाली. किती महिन्यांनी तिचा आवाज माझ्याकडे येत होता. “मले बरं वाटत होतं सकाळी.”

“मग ठेवली कायले, बाई?”

“तुमचा खोकला गेला नव्हता न, बाबा.”

मी तो कागद पोत्यावरच्या ढिगात टाकला. ती आत गेली.

आ करा

त्याच महिन्यात मला ताप आला. थंडी वाजून, दात वाजवत. काच केली, या वेळी होता. साधा मलेरिया, त्याची औषधं आहेत. तीन दिवस मोठ्या गोळ्या आणि चौदा दिवस रोज छोट्या. चौदा दिवस कोणी पुरे करत नाही, हे मी वर्षानुवर्षं वहीत लिहीत आलो.

तिसऱ्या दिवशी ताप गेला. चौथ्या दिवशी सकाळी कमल विहारात गेली होती. मी बाजेवर उन्हात बसलो होतो. सुजाता आतून आली. एका हातात पाण्याचा गिलास, दुसऱ्यात गोळी.

“घ्या.”

“घेतो. ठेव तिथं,” मी म्हणालो. खरंच घेणार होतो. तिच्यासमोर घ्यायची लाज वाटत होती, एवढंच.

आणि ती फुटली. “ठेव तिथं म्हंजे? कुठी ठेवू? डब्यात? दुनियेले सांगत फिरता अन् तुमचं तुमाले नाई समजत? किती जनांचं वाटोळं करान तुमी एका गोळीपायी? घ्या म्हटलं न! आत्ताच्या आत्ता घ्या माह्यासमोर!” अख्ख्या गल्लीनं ऐकलं. शेजारीण भिंतीवरून डोकावली. सुजाताच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती थांबत नव्हती. आपल्या गेलेल्या पोरीचं नाव घेतलं तिनं. आधीपासून ठरवून ठेवलेलं नाव, जे आम्ही कोणी कधी ऐकलं नव्हतं. ते मी इथं लिहीत नाही, ते तिचं आहे.

मी गोळी तोंडात टाकली. पाणी प्यालो.

ती वाकली, माझी हनुवटी धरली.

“आ करा.”

मी आ केला.

“जीभ वर.”

जीभ वर केली. तिनं एक गाल पाहिला, मग दुसरा. चांगलं निरखून पाहिलं, मी पाहतो तसं. मग रिकामा गिलास उचलला आणि आत जाताना म्हणाली, “च्या ठेवते.”

चौदाव्या दिवसापर्यंत ती रोज सकाळी आली.